इतर

फॉर्ममध्ये रकाना होता: वडिलांचा व्यवसाय.
यादीत नोकरी होती, शेती होती, व्यापार होता.
झारेकरी नव्हता.
मी 'इतर'वर टिचकी मारली.

अब्बा पहाटे चारला रविवार पेठेत
सराफांच्या पायऱ्यांखालची गटारं खरवडतात,
पाटीत माती घोळवत बसतात,
आणि उजाडेपर्यंत गुंजभर काही चमकलंच
तर श्वास रोखून पुडीत बांधतात.

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेले
तर कचेरीतला कारकून म्हणाला,
गटारातल्या सोन्याची पावती आणा.

पुढं पाचशे शब्दांत सांगायचं होतं,
नॅनोच का?
तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं.

मग गणेशखिंडीच्या प्रयोगशाळेतला
फोटो अब्बांना दाखवला.
सोनं इतकं बारीक झालेलं
की बाटलीत नुसतं लाल पाणी,
कोकमाच्या सरबतासारखं.
"हे सोनं?"
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं त्यांनी.
"मग आजवर मी किती
पाणी समजून ओतून दिलं असेल गं."

मी तेवढंच लिहून पाठवलं.

काल बेल्जियमहून उत्तर आलं.
फी माफ, राहण्याखाण्याचे पैसे दरमहा.
विमानाचं तिकीट ज्याचं त्यानं.

अब्बांनी पत्र दोनदा वाचून घेतलं,
फळीवरून खोकल्याच्या औषधाची जुनी बाटली काढली.
तळाशी बोटभर पिवळी धूळ,
अकरा वर्षांची.
अम्मीलाही ठाऊक नव्हती.

उद्या सराफाच्या काट्यावर कळेल
मुंबईपर्यंत पुरते की पुढंही.
आज रात्री ती पत्रावर ठेवलीय,
पंखा चालू आहे म्हणून.