ढगाळ

त्सिसानाच्या वह्या मी सध्या स्कॅन करतेय,
एकतीस, उंदरांनी खाल्लेली एक सोडून.
पगारपत्रकात हुद्दा: आकडेमोड मदतनीस.
दुर्बिणीच्या घुमटाची किल्ली तिला नव्हतीच;
पहारेकरी वाख्तांग द्यायचा, ओंजळभर अक्रोडांवर.

काकेशसची थंडी. उजव्या हातमोज्याची
दोन बोटं तिने कात्रीने उडवलेली,
पेन्सिल धरता यावी म्हणून.
भिंगावर वाफ धरू नये,
तर श्वास डावीकडे सोडावा
हेही समासात लिहिलंय.

एकच तारा. एकोणीस वर्षं.
मंदावतो, दोनशे सहा दिवसांनी पुन्हा उजळतो.
निबंधावर नाव संचालकांचं,
तळटीपेत ती, आडनाव चुकलेलं.
आज त्याच आकड्यांवरून आम्ही
अंतरं मोजतो.

सलग नोंदींत एका रात्री फक्त
‘ढगाळ’.
मी हवामानाची वही काढली:
आकाश निरभ्र, वारा नाही.

खाली गावात विचारलं.
वाख्तांगची नात हसली.
मार्चमधली ना? त्या रात्री आईचं लग्न.
नाचता नाचता
त्सिसानाच्या बुटाची टाच निघाली,
अजून सांगतात.

आलेखात तेवढा एक ठिपका
मी भरलेला नाही.