आरी

सुभाषनगरात पहिल्या दिवशी
आरी हातात घेतली, तर
सगळं अंग टाका घालायला धावलं:
जबडा, मान, पोटऱ्या,
पायाचा अंगठासुद्धा.
टाका मात्र वाकडाच.

बायाक्का मान वर न करता म्हणाली,
"दात कशाला खातोस रं?
चामडं हाय, वैरी न्हवं."

दिवाळी गेली. जोतिबाची यात्रा झाली.
कोण कधी उठून गेलं, कळलं नाही.
आधी पोटऱ्या, मग मान,
लग्नघरातनं पाहुणे पांगावेत तसे.
जबडा तेवढा रेंगाळला.

आता दोन बोटं,
मनगटाचा एक आखूड झटका.
बाकीचं अंग रेडिओ ऐकतं,
चहाची वाट बघतं.

काल तिनं नवी वेणी दाखवली, सात वाद्यांची.
अंगठा पुन्हा वळला.
पाहुणे पुन्हा दारात.
या म्हटलं, बसा घटकाभर.