रकाना

मेयोच्या खिडकीतला फॉर्म विचारतो :
घरात आणखी कोणाला?
मी लिहिते, आजा, डोमा.
आत्या, भागीरता. एकोणिसाव्या वर्षी गेली
‘हाडं फुटून राह्यली’ म्हणत.

डॉक्टरीणबाई कागदाच्या पाठीवर
पेशी काढून दाखवते, विळ्यासारखी.
काटोलकडं आमचं शेत नव्हतं कधीच.
विळा असायचा, तो पाटलाचा,
सांजेला मोजून परत द्यायचा.

सुगतचं दुखणं मे महिन्यातच उठतं.
इंदोऱ्याच्या टोकाला टँकर तिसऱ्या दिवशी,
तोही नाक्यावर थांबतो.
दुपारी पत्र्याखाली गुंडातलं पाणीसुद्धा
चहासारखं लागतं.
पोरगं मोजून पितं.
भरायला त्यालाच जावं लागतं ना.

‘भरपूर पाणी पाजत जा,
उन्हात पाठवू नका,’ बाई सांगते.
चांगली आहे बिचारी. मी मान हलवते.

रक्त आजानं दिलं, कबूल.
पत्रा कोणाकडून आला?
नाक्यापासून घरापर्यंतचं अंतर
कोणत्या पिढीतलं?
त्याला रकाना नाही.
समासात लिहायला घेतलं तर
खिडकीतला म्हणतो,
‘खाडाखोड नाही चालत, ताई.’

पेन खिडकीचा होता,
सुतळीनं बांधलेला.
परत दिला.