सरळ करायचे

रुसे शहर. डॅन्यूबपासून दोन गल्ल्या आत
वडिलांचं गॅरेज रिकामं करतेय, तिसरा दिवस.
गाडी नव्हतीच कधी.
होती एक फळी, आणि फळीच्या पोटाला
खालून स्क्रूनं पक्की केलेली एकोणीस झाकणं.
प्रत्येक झाकणात एक बरणी, उलट्या वटवाघळासारखी,
आत वॉशर, चुका, जळके फ्यूज, सायकलचे छर्रे.
हवं ते खालूनच दिसायचं.
अर्धा फेरा, की बरणी हातात.
काम झालं की परत वर, आट्यात आटे.
एका हातानं होतं सगळं, ते म्हणायचे,
दुसरा सिगरेटीसाठी.

बरण्या मूळच्या आईच्या.
आधी चेरी, मग लोणच्याच्या काकड्या,
मग ल्युतेनित्सा. सप्टेंबर लागला की
सगळ्या इमारतींच्या मागे मिरच्या भाजल्या जायच्या
आणि वाळत घातलेल्या चादरीसुद्धा तिखट व्हायच्या.
काठाचा टवका उडाला की बरणी
आईच्या राज्यातून हद्दपार, वडिलांच्या राज्यात भरती.
दोघं फारसं बोलत नसत.
काच तेवढी इकडून तिकडे जायची.

फळी जागची हलवायची नाही, असं व्हॅलेरीनं
करारातच लिहून घेतलंय. गॅरेज त्याचं आता.
म्हणून झाकणं त्याला राहिली,
एकोणीस तोंडं घेऊन मी सोफियाच्या गाडीत बसले,
जुन्या स्वेटरांत गुंडाळून. तरी प्लेव्हेनपाशी
एक तडकलीच. अठरा.

दोब्रिंका फोनवर म्हणाली, टाकून दे गं,
नव्या काय महाग आहेत?
मी म्हटलं, हो. आणि बादलीत गरम पाणी ओतलं.
सोडा, वर थोडं तेल, रात्रभर भिजू दिल्या.
कारखान्याचा कागद सकाळी आपसूक सुटला.
वडिलांची पट्टी मात्र सुटेना,
पांढरी, दवाखान्यातली, तिच्यावर पेन्सिलीनं
त्यांचं ठेंगणं, उजवीकडे कललेलं अक्षर.
नख लावलं. मग राहू दिलं.

आता "एम सहा"मध्ये लिंडनची वाळकी फुलं आहेत,
चहाच्या वेळी पाहुणे पट्टी वाचतात आणि
विचारत नाहीत.
"जाड वॉशर"मध्ये मसूर. झाकण म्हणून बशी.
कामेननं एकीला आतून निळा रंग दिला,
वायर सोडली, दिवा केला;
रात्री भिंतीवर तळं हलतं
आणि तो म्हणतो, आजोबांना आवडलं असतं.
नसतं आवडलं. वायर उघडी का ठेवली, म्हणाले असते.

एक बरणी मात्र मी रिकामी केली नाही.
तिच्यात नुसते वाकडे खिळे.
पक्कडीनं उपटलेले, मान मोडलेले,
कुठल्या पेटीचे, कुठल्या दाराचे कोण जाणे.
पट्टीवर लिहिलंय: सरळ करायचे.

किती वर्षं?
काठोकाठ भरली होती.
त्यांनी एकही सरळ केला नसावा,
किंवा रोज एक करत असावेत आणि
रोज दोन वाकत असावेत. दोन्ही पटतं मला.
माझ्या लग्नात, घटस्फोटात, आईच्या दवाखान्यात
ते गॅरेजमध्ये जाऊन बसायचे.
आम्हाला वाटायचं, सिगरेट.

काल स्वयंपाकघराच्या ओट्यावर
जाड पुस्तकाखाली फडकं घातलं,
एक खिळा आडवा ठेवला, हातोडी घेतली.
खालच्या मजल्यावरच्यांनी छताला काठी ठोकली.
सहा घाव, सातवा अंगठ्यावर.
बऱ्यापैकी झाला. कमरेत थोडा बाक राहिलाच.
तोच भिंतीत मारला,
त्याला दोरीनं एक बरणी टांगली,
तळाशी चिमूटभर वाळू, वर मेणबत्ती.

किंचित डावीकडे झुकते.
कामेन रोज येता-जाता ती सरळ करतो.