रोल्यातली नांद्रुक

आमच्या खोलीत सूर्य संध्याकाळी सातला उगवतो.
टायमर खट् करतो, पांढरी पट्टी पेटते,
आणि कपाटावरच्या ताटलीएवढ्या मातीत
वीतभर झाड सकाळ झाल्यासारखं उभं राहतं.
दिवसा दिवा लावता येत नाही.
दिवसा बशीर झोपतो, रात्रपाळीचा, पडदा ओढून.
झाडाला बारा तास मिळाले की झालं,
कुठले बारा, ते विचारत नाही.

रोनेल कायमचा घरी परतला तेव्हा देऊन गेला.
हॉटेलच्या बिलामागे लिहून:
दिवा एक वीत वर. एसीचा झोत नको.
खाली खडे, खड्यांत पाणी, पाण्यात मूळ नको.
काडी खुपसून बघ, ओली निघाली तर थांब.
शुक्रवारी पाव फेरा फिरव.
तार रुतायच्या आत सोड.
शेवटची ओळ दोनदा गिरवलेली.

नळाला समुद्रच येतो, गोडवलेला.
तरी कुंडीच्या काठावर पांढरी खार धरते,
ती मी जुन्या टूथब्रशने घासतो.
एक जण म्हणाला, आपल्यासारखंच रे हे, मुळं छाटलेलं.
म्हटलं, तुझी मुळं दर दोन वर्षांनी
कुणी विंचरतं का?

म्हणतात, खालच्या चौकात पूर्वी मोठा वड होता.
रोला म्हणजे तोच.
वड गेला, नावावर बस थांबते.

ज्येष्ठात, बाहेर शेहेचाळीस अंश,
दाराशी शेवडेबाई. हातात सुताची गुंडी, दोन आंबे.
नवरा तेलाच्या बेटावर, अठ्ठावीस दिवस आत.
"वड आहे म्हणे तुमच्याकडे."
नांद्रुक आहे, मी म्हणालो. वडाची चुलतबहीण.
"इथं चुलत तेच सख्खं," म्हणत त्यांनी चपला काढल्या.

कपाट भिंतीला टेकलेलं. फेरे घालणार कुठून?
बशीरला उठवलं. दोघांनी मिळून
ते खोलीच्या मधोमध ओढलं.
बाई दोन पलंगांमधून अंग चोरत सात वेळा फिरल्या,
बशीर भिंतीला पाठ लावून, मान खाली,
रांगेत कुणाला जागा करून द्यावी तसा.
मग त्याने विचारलं, झाडाला काय मागितलं?
बाई म्हणाल्या, बोट वेळेवर येऊ दे.

त्या रात्री चिमट्याने सूत सैल केलं,
काडी जाईल इतकं. सोडलं नाही.

चौथ्या दिवशी दोन पानं पिवळी, गळली.
जागा हलवली की हे झाड रुसतं, एवढंच.
त्यात दुसरं काही नाही, हे मला ठाऊक आहे.
तरी जिन्यात भेटलेल्या शेवडेबाईंना
मी नुसतं, छान आहे, म्हणालो.
वारा सुटला होता, बोट पुढे ढकलली होती.

दिवा दोन बोटं खाली घेतला.
काडी खुपसली. ओली निघाली.
थांबलो.