खळ

सतरा वर्षं मी तिचे शब्द टिपतो आहे.
सिनेटर नेलिदा बिदेगाइन, मोंतेविदेओ,
डावीकडून तिसरी खुर्ची.
माझ्या लघुलिपीत ‘प्रजासत्ताक’ला एकच फराटा लागतो,
‘पाव’ला दोन.
थांबण्याला मात्र खूण नाही,
आणि ती फार थांबते.

नवखा होतो तेव्हा वाटायचं, मुद्दा विसरली.
मग एकदा, अंदाजपत्रकाच्या लांबलेल्या रात्री,
जिन्यात बसून येर्बाचा कडू चहा ओढताना
तिनंच सांगितलं :
ओफेलिया झुनिनो बाई हजेरी घ्यायच्या,
न आलेल्या मुलाचंही नाव पुकारायच्या
आणि गप्प राहायच्या,
तो ‘हजर’ म्हणाला असता तेवढा वेळ.
वर्ग खुदखुदायचा.
बाई म्हणायच्या, त्याचा बाक आहे ना इथं?
मग त्याचा वेळही आहे.

नदीकाठचं गाव, मांसाचा कारखाना.
बाप कत्तलखान्यात, दिवसभर वाफेत;
घरी निघाला की गावची कुत्री मागोमाग.
अक्षरओळख नव्हती. संघटनेचं पत्रक
तो लेकीपुढे धरायचा, कधीकधी उलटं,
आणि ती सहा वर्षांची
‘मोबदला’ या शब्दाला ठेचकाळत जायची.
पुन्हा वाच, तो म्हणायचा, सावकाश.
पैशाचं आहे.

आई लोकांचे कपडे धुवायची.
शाळेचा पांढरा झगा, गळ्याशी निळा बो,
त्या देशात सगळ्यांना तोच :
डॉक्टरच्या मुलाला तोच, हिलाही तोच.
रविवारी रात्री दोन्ही झगे एका तारेवर,
एका इस्त्रीखाली.
फक्त लेकीच्या कॉलरला खळ चमचाभर जास्त.
मान खाली घातलीस तर टोचेल, आई बजावायची.
सोमवारी टोचायची.
गुरुवारपर्यंत मऊ पडायची.

मला हे आवडतं, की ती गुरुवारचंही सांगते.

पुढचं सगळं छापून आलेलं आहे :
शिष्यवृत्ती, वकिली, कैदेतले अकरा महिने,
घरकाम करणाऱ्या बायकांच्या पेन्शनचा कायदा.
त्या दिवशी ती आकडे म्हणत होती
पाढ्यांच्या चालीत, किंचित डुलत,
आणि मी पेन्सिल धरून नुसताच ऐकत राहिलो.
अहवालात एक ओळ आजही नाही.
चूक माझी.

पण सांगायचं आहे ते गेल्या ऑगस्टचं.
बाहेर हिवाळा, सभागृहात हीटर बिघडलेला.
पाचाहून कमी मुलं असतील त्या शाळा बंद,
असं एक कलम.
सरकार तिच्याच पक्षाचं.
तिजोरी रिकामी, निदान तसं कळवलेलं.
ती उठली. भाषण केलं नाही.
यादी वाचली, एकेचाळीस शाळांची :
कुठली तरी उत्तरेची, तीन मुलं आणि एक घोडा;
कुठली तरी टेकाडापलीकडची, दोन बहिणी.
एकेक नाव घेऊन थांबली.
सभापतींनी घड्याळ पाहिलं, मग छत.
मी कोऱ्या जागा सोडत गेलो,
एकेचाळीस.

मग मतदान. बाजूनं, हात वर करा.
तिनंही केला.
खाली येताना तो गळ्यापाशी रेंगाळला.
कॉलर नव्हतीच, मऊ लोकरीचा स्कार्फ होता.
तिनं त्यात दोन बोटं घातली
आणि तो जरा सैल केला.
हे टिपायचं नसतं. मी टिपलं नाही.

दुसऱ्या दिवशी मसुदा तपासायला आली.
शब्द बदलायची मुभा असते सदस्यांना;
तिनं एकही बदलला नाही.
कोऱ्या जागांवरून बोट फिरवत विचारलं,
छापताना या राहतात?
नाही बाई, ओळी सरकवून घेतात.
सही केली. पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.
काल गुरुवार होता, नाही का?

मी हो म्हणालो.

अहवालावर मंगळवार आहे.