पुरावा क्रमांक चार

डुलुथला नोव्हेंबरात चारलाच अंधारतं.
सरोवरावरचा वारा थेट हाडांत शिरतो.
आर्डिथ नीक्विस्टच्या स्वयंपाकघरात
भिंतीला फोन, खाली निरोपांचं जुनं यंत्र,
आत एक इवलीशी कॅसेट.

रात्री साडेदहाला वाजायचा. पहाटे सहाला.
कुणी मिस्टर डॅल्टन, नाव खरं की खोटं देव जाणे,
हर्मनच्या इस्पितळाचं बिल मागायचा.
हर्मनला पुरून तेव्हा अकरा दिवस झाले होते.
"बाई, नवऱ्याची अब्रू तुमच्या हातात.
शेरीफ येईल. घराला कुलूप लागेल."

एकदा मलाही आला.
"शेजारीण ना? सांगा तिला, बुडव्यांना आम्ही सोडत नसतो."
मी काहीच बोलले नाही.
पण आठवडाभर कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना
तिच्या खिडकीकडे बघायचं टाळलं.
हे मी कोर्टातही सांगितलं.

वायर उपटून टाक, सगळे म्हणत.
ती उपटेना.

वाचनालयातल्या मुलीने कायदा छापून दिला,
पानाला दहा सेंट.
सकाळी आठच्या आत तगादा नको, रात्री नऊनंतर नको,
शेजारीपाजारी बोभाटा नको.
आणि लेखी कळवलंत, पुरे,
तर पुरे.
आर्डिथने चष्मा पुसला,
त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली,
रजिस्टर्ड पत्र टाकलं.
त्यानंतरही तो चौदा वेळा वाजला.
चौदाही कॅसेटवर.

वकिलाने न्यायाधीशांपुढे बटण दाबलं.
आधी हर्मन बोलला.
खोकून, जरासा लाजत,
"आम्ही दोघंही घरी नाही. बहुतेक मासे धरायला गेलोय.
निरोप ठेवा."
मग बीप.
मग डॅल्टन.

कंपनीचा वकील टायची गाठ चाचपत राहिला.
आर्डिथने पर्स उघडली, बंद केली, उघडली.

हजार डॉलर मिळाले, वर वकिलाची फी.
बिल आहे तिथंच आहे.
बिलाला कुठल्या कायद्यात मरण?
पण रात्रीचे साडेदहा आता तिचे.

कॅसेट मात्र लगेच मिळाली नाही.
अपिलाची मुदत संपेपर्यंत लिफाफ्यात,
वर शिक्का, क्रमांक चार.

काल संध्याकाळी मी मुद्दाम फोन लावला.
आठ वेळा वाजू दिला.
तिने उचलला.
"आहे," म्हणाली, "घरीच आहे मी."